मुक्काम पोस्ट: गर्दी नसलेलं गाव कसं शोधायचं

मी एकोणतीस वर्षं टपाल खात्यात सॉर्टिंगला काढली. समोर कप्प्यांची भिंत, डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा, आणि पत्ता वाचला की उजव्या हाताने पत्र आपल्या कप्प्यात. पत्त्यांवरची माणसं मी कधी लक्षात ठेवली नाहीत. गावं मात्र राहिली. टाकळी ढोकेश्वर. पिंपरी दुमाला. लोणी भापकर. पूर. रात्रपाळीला दोन-अडीचच्या सुमाराला डोळे मिटायला लागले की मी मनात म्हणायचे, या पूरमध्ये आहे तरी काय? दोन अक्षरांचं गाव!

निवृत्त झाल्यावर बघायला गेले. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. आमच्या ह्यांचे गुडघे धरलेले, त्यामुळे ते घरी क्रिकेट बघतात आणि मी एसटीने जाते. माझी भाची दर पावसाळ्यात एकदा लोणावळ्याला जाते आणि दर वेळी घाटात अडकली की मला फोन करते. "मावशी, दोन तास झाले गं, गाडी हलत नाहीये. तुला कशी रिकामी गावं सापडतात?" तिला समजावून समजावून माझं तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून काढतेय. उदाहरणं पुणे जिल्ह्यातली आणि आसपासची आहेत, कारण मी तिथेच फिरले. तुम्ही तुमचा जिल्हा घ्या.

नाव वाचायला शिका

बहुतेक लोक फोटो बघून निघतात. तोच फोटो बाकीच्यांनीही बघितलेला असतो, मग सगळे त्याच कठड्याशी रांग लावतात. मी नावावरून निघते. गावाच्या नावात पुष्कळ काही लिहिलेलं असतं, फक्त आपण ते रोज वाचून वाचून बघेनासे होतो.

नावामागे 'बुद्रुक' आणि 'खुर्द' लागतं, ते फारसीतलं. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. दोन्ही असतील तर आधी बुद्रुकला जा, जुनी वस्ती आणि जुनं देऊळ बहुधा तिथे. नावाआधी 'कसबे' असेल तर ते एके काळी परगण्याचं मुख्य गाव, बाजारपेठेचं ठिकाण. अशा गावात पैसा होता, म्हणजे वेस, वाडा, बारव (पायऱ्या उतरून जायची दगडी विहीर), घाट यांतलं काहीतरी उरलेलं असतंच. 'दुमाला' म्हणजे इनामात दिलेलं गाव. आणि गावाच्या नावाला देवाचं नाव चिकटलेलं असेल तर तो देव शोधायचाच. टाकळी ढोकेश्वर हे त्यातलं सगळ्यात सोपं उदाहरण. कल्याण-नगर रस्त्यावरून रोज कितीतरी गाड्या त्या फाट्यावरून जातात, चहाला थांबतात आणि पुढे जातात. ढोकेश्वर म्हणजे तिथल्या टेकडीच्या पोटात खोदलेलं शंकराचं लेणं आहे, आत सप्तमातृका, म्हणजे सात मातृदेवता आहेत, हे चहा पिणाऱ्याला माहीत नसतं. मलाही तीस वर्षं माहीत नव्हतं, आणि त्या गावाची पत्रं मी हाताळत होते.

पत्ता कसा लिहिलाय तेही बघा. 'मु. पो. अमुक' म्हणजे गावाला स्वतःचं पोस्ट आहे. 'मु. अमुक, पो. तमुक' म्हणजे गावाला पोस्ट नाही, शेजारच्या गावातून टपाल येतं. दुसऱ्या तऱ्हेचा पत्ता दिसला की माझे कान टवकारतात. गाव लहान, बाहेरची वर्दळ कमी.

नावं आणायची कुठून? पिनकोडवरून. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले कोकणातले, शिवाय संस्कृतचे पंडित. (आमच्या सेक्शनमध्ये हे नव्या पोरांना सांगणं माझं आवडतं काम होतं.) टपाल खात्याच्या साइटवर पिन टाकला की त्या पिनखाली येणाऱ्या सगळ्या पोस्टांची यादी दिसते. जुन्नरचा ४१०५०२ टाकून बघा. तालुक्यातली तुम्ही जन्मात न ऐकलेली शाखा डाकघरं निघतील. त्या यादीतून मोठ्याने वाचत जा आणि जे नाव जिभेवर अडकेल त्यावर बोट ठेवा. हसू नका, मी असंच करते.

प्रसिद्ध देवाचा शेजार

नावावरून निवडणं जमत नसेल तर दुसरी युक्ती आणखी सोपी. जिथे गर्दी जाते तिथवर जा आणि शेवटच्या फाट्याला वळा. प्रसिद्ध ठिकाणामुळे रस्ता चांगला असतो, गाड्या असतात, जेवायची सोय असते, आणि गर्दी तर बरोबर पार्किंगपर्यंतच येते.

अष्टविनायकच घ्या. रांजणगावला दर्शनाची रांग लागते, आणि जवळच पिंपरी दुमाल्याला सोमेश्वराचं कोरीव दगडी देऊळ ऊन खात उभं असतं. सिद्धटेक भीमेच्या काठी, तसंच वरच्या अंगाला पेडगाव. तिथला भुईकोट म्हणजे बहादूरगड. १६८९मध्ये संभाजी महाराजांना कैद करून आणलं तो हाच किल्ला, आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. आत लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. त्याच्या भिंतीवरची नक्षी बघून मी देवळाला दोन फेऱ्या मारल्या. दुसरी फेरी देवासाठी नव्हती, हे कबूल करते.

लेण्याद्रीला पायऱ्या चढून गेलात तर ती मुळात बौद्ध लेणी, हे कळतं. पण गणपतीच्या गर्दीत ती लेणी म्हणून बघताच येत नाहीत. जुन्नरभोवती डोंगरांच्या रांगांमध्ये दोनशेच्या वर खोदकामं आहेत. शहराच्या पश्चिमेला चार-पाच किलोमीटरवर पाडळीजवळ तुळजा लेणी. तिथलं एक चैत्य, म्हणजे बौद्धांचं स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, गोल आहे. बाकी चैत्यगृहं लांबट, टोकाला अर्धगोल. हे मात्र विहिरीसारखं गोल, बारा अष्टकोनी खांब कडं करून उभे, मधोमध स्तूप, वर घुमट. खांबांवर नक्षीचा एक ठिपका नाही. मी गेले तेव्हा आत एक कुत्रं झोपलं होतं. मी बसले, तेही उठलं नाही. अर्धा तास आम्ही दोघं.

त्याच जुन्नरहून नाणेघाटाच्या रस्त्याला लागलं की चावंडच्या पुढे पूर. माझं ते दोन अक्षरी गाव. कुकडी नदी तिथे उगम पावते आणि उगमाशी कुकडेश्वर आहे, आतबाहेर कोरलेलं देऊळ. पावसाळ्यातल्या रविवारी नाणेघाटात उलटा उडणारा धबधबा बघायला गाड्यांची माळ लागते आणि ती सगळी माळ पूरच्या अंगावरून जाते. नाणेघाट बघू नका असं माझं म्हणणं नाही. सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख तिथे आहे, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे. पण जा तर हिवाळ्यातल्या मंगळवारी.

मोरगावच्या शेजाराबद्दल जरा निवांत सांगते, कारण तिथे माझा जीव अडकलाय. मोरगावला गणपतीपुढे हार-नारळवाल्यांच्या हाका चुकवत बाहेर आले आणि बारामती तालुक्यातल्याच लोणी भापकरचा रस्ता धरला. गावात काळभैरवनाथाचं देऊळ आहे, लोक ते दाखवतात. मल्लिकार्जुनाचं विचारावं लागतं. देवळापुढे चौकोनी पुष्करणी, दगडी पायऱ्यांची, भिंतींमध्ये देवांसाठी कोनाडे. तळाला थोडं हिरवं पाणी होतं आणि एक प्लास्टिकचा बॉल. खरं बघायचं ते म्हणजे यज्ञवराह. विष्णूचा वराह अवतार, पण इथे माणसाचं धड नाही, पूर्ण चार पायांचा वराह. त्याच्या अंगावर झूल घातल्यासारखी कोरलीय आणि त्या झुलीवर ओळींनी विष्णूच्या बोटाएवढ्या मूर्ती. मी चष्मा पुसून एक ओळ मोजायला घेतली. तेवढ्यात एक आजी शेळ्या घेऊन आल्या.

"काय शोधताय बाई?"

"मूर्ती मोजतेय, आजी."

"मोजा. मी पण मोजल्या हुत्या लगीन होऊन आले तवा. दर बारीला येगळाच आकडा."

मीही तीनदा मोजल्या आणि तीन आकडे आले. ते इथे लिहीत नाही.

कागद आणि नकाशा

घरी बसून करायचा अभ्यास म्हणजे गॅझेटियर, जिल्ह्याची माहिती देणारा जाडजूड सरकारी ग्रंथ. इंग्रजांच्या काळात जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याच्या एकेका जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. नाशिकचं १८८३चं, पुण्याचं आणि साताऱ्याचं १८८५चं. राज्य सरकारने ती नेटवर ठेवलीत, फुकट वाचता येतात. पुढे आपल्या सरकारने काढलेल्या आवृत्त्या आहेत, त्यांतल्या काही मराठीतही. जुन्यात शेती, व्यापार, जाती असं सगळं आधी येतं. ते सोडून द्या आणि गावांची माहिती अकारविल्हे दिलेला भाग काढा. तिथे गावाचा बाजार कुठल्या वारी, देऊळ कुठलं, लेणं कुठे, असं चार-चार ओळींत दिलेलं असतं. ज्या गावाला तेव्हा अर्धं पान मिळालं आणि आज ज्याचं नाव कुणी घेत नाही, ते आपलं गाव. रेल्वे दुसरीकडून गेली, बाजार हलला, रस्ता बदलला आणि गाव मागे राहिलं.

एक सावधगिरी. जुन्या कागदांत आणि गावातल्या फलकांवर चुना न वापरलेलं प्रत्येक देऊळ 'हेमाडपंती' असतं. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, यादवांचा कारभारी. त्याच्याही आधीची कितीतरी देवळं त्याच्या नावावर जमा आहेत. बिचाऱ्याने एवढी देवळं बांधली असती तर कारभार केला कधी?

नकाशाचं थोडक्यात सांगते. फोनवर उपग्रहाचं चित्र लावा आणि गावाच्या कडेला गडद चौकोन दिसतो का बघा. शेततळं मोठं आणि निळसर दिसतं. लहान, काळपट, कडांना पायऱ्यांच्या रेघा असलेला चौकोन बहुतेक वेळा बारव निघते. दोन नद्या मिळतात तिथेही बोट ठेवा, संगमावर देऊळ नाही असं क्वचितच होतं. निघायच्या आधी तेवढा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, डोंगराआड रेंज जाते. मला अजून कागदी बरा वाटतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या एकास पन्नास हजारच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि गाडीरस्ता कुठे संपून पायवाट कुठे सुरू होते ते नेमकं कळतं.

लाल गाडी

आपल्या गाडीने गेलात तर गाव दिसेल, पण कळणार नाही. एसटीने जा. अर्धा प्रवास कानांनीच होतो. बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२पासून फुकट. खूप फिरायचं असेल तर 'आवडेल तेथे प्रवास'चा पास काढा, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा.

तालुक्याच्या स्टँडवर उतरलात की पाटीवरची मोठी नावं बघू नका. चौकशीच्या खिडकीत वाहतूक नियंत्रक बसलेले असतात, त्यांना विचारा, "साहेब, मुक्कामी गाड्या कुठे कुठे जातात?" मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी स्टँडवरून सुटते, शेवटच्या गावात रात्रभर थांबते आणि पहाटे माणसं घेऊन परत येते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात. तिच्या पुढे रस्ता नसतो, असला तरी गाडीचा नसतो. मुक्कामी गाड्यांची नावं लिहून घेतलीत की अख्ख्या तालुक्याची टोकं तुमच्या वहीत आली.

आता माझी फजिती. अशाच एका टोकाच्या गावी मी रविवारी गेले. वेळापत्रकात साडेचारची परतीची गाडी होती. मी सव्वाचारला पारावर येऊन बसले. पाच वाजले, साडेपाच झाले. समोरच्या ओट्यावर एक आजोबा तंबाखू मळत होते, ते मला मघापासून बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, ती गाडी साळंची हाय. आज साळा कुठंय?" शेवटी दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मध्ये बसून तालुक्याला आले. साडीला आठवडाभर वास होता. तेव्हापासून गाडीतून उतरतानाच कंडक्टरला तीन प्रश्न विचारते: परतीची कधी, ती शाळेची आहे का, आणि ती चुकली तर पुढची कुठल्या फाट्यावर मिळेल. सुट्ट्यांमध्ये हे जास्तच बघायचं.

गावात पोहोचल्यावर

"इथे बघण्यासारखं काय आहे?" असं कधीही विचारू नका. उत्तर ठरलेलं: "काही नाही ओ इथं. तुम्ही महाबळेश्वरला जा." लोकांना आपल्या दारातली बारव बघण्यासारखी वाटत नाही, त्यांनी तिच्यातून पाणी शेंदलेलं असतं. त्यांच्या रोजच्यातलं विचारा. जुनी विहीर कुठली? यात्रा कुठे भरते? जुनी वेस कुठे होती? वेशीबाहेर शेंदूर लावलेले दगड आहेत का?

शेवटचा प्रश्न माझा हुकमी. ते दगड म्हणजे बहुतेक वेळा वीरगळ, लढाईत किंवा गुरं राखताना पडलेल्या वीराचं स्मारक. वाचायचा खालून वर. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, कधी शेजारी गाई. त्याच्या वर अप्सरा त्याला हाताला धरून नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य; ते आहेत तोवर याचं नाव राहील, असा अर्थ. नाव मात्र दगडावर बहुधा नसतंच. कोपरातून वर उभा केलेला, बांगड्या घातलेला हात दिसला तर ती सतीशिळा. पहिल्यांदा ओळखू आली तेव्हा मी थोडा वेळ तिथून हलू शकले नाही.

विचारायचं कुणाला? मी पक्षपाती आहे. शाखा डाकघरात जा. ते बहुतेक शाखा डाकपालाच्या घरातच असतं, पडवीत टेबल, वजनकाटा, शिक्का. उघडं काही तासच असतं, म्हणून सकाळी गाठा. त्या माणसाला गावातलं प्रत्येक घर माहीत, कुणाची पेन्शन येते ते माहीत, आणि देवळाची किल्ली कुठल्या गुरवाकडे तेही माहीत. किल्ली मिळाली तर गुरवाला दक्षिणा द्या आणि दार लावून निघा. "पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडं आरवलं म्हणून कळस राहिला," असं सांगितलं तर मध्येच शतक सांगून त्यांना दुरुस्त करू नका. मी एकदा केलं. त्यानंतर त्या काकांनी मला काही सांगितलं नाही.

बायकांसाठी एक सांगते, बाकी कुणी सांगत नाही. स्वच्छतागृहाचा प्रश्न खरा आहे. झेडपीची शाळा किंवा आरोग्य उपकेंद्र गाठा, नाहीतर सरळ एखाद्या घरात विचारा. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट चहा ठेवला जातो. म्हणून पिशवीत मी नेहमी एक बिस्किटचा पुडा आणि चहाची पावडर ठेवते. रिकाम्या हाताने चहा पिववत नाही. भाकरी आणि ठेचा घरून नेते. हॉटेल असेल या भरवशावर राहू नका. पण काहीतरी गावात विकत घ्या. शेंगा घ्या, बोरं घ्या, किराणा दुकानातून काडेपेटी घ्या. अक्षरं नीट दिसावीत म्हणून शिलालेखात खडू घासू नका, बघितलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

दिवसांचं म्हणाल तर मार्गशीर्ष ते फाल्गुन उत्तम. पावसाळ्यात जायचंच तर शनिवार-रविवार सोडून. काही जागा मात्र उन्हाळ्यातच: उजनी धरणात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं तरच उघडं पडतं. चैत्रात गावोगाव जत्रा असतात, तेव्हा किल्ली मागायला जाऊ नका. जत्रेलाच जा, पाळण्यात बसा.

मी ही ठिकाणं कुणाला सांगते का? विचारलं तर सांगते, तोंडी. नकाशावर टाचणी मारून हजार लोकांना पाठवत नाही. ज्याला जायचंय त्याने दोन माणसांना विचारत जावं एवढाच माझा हट्ट. हा लेख लिहून मीच तो मोडला का, असं भाची विचारते. वर जी नावं घेतली ती जुन्या कागदांमध्ये छापलेलीच आहेत. माझ्या वहीतली बाकीची वहीतच आहेत.

पोस्ट असलेल्या प्रत्येक गावातून निघताना मी एक करते. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड घेऊन स्वतःच्याच पत्त्यावर टाकते. मागे दोन ओळी: काय बघितलं, कुणाशी बोलले, गाडी किती वाजता मिळाली. शाखा डाकपालांना विनंती करते की शिक्का जरा नीट उमटवा, गावाचं नाव वाचता आलं पाहिजे. लोणीचं कार्ड सहा दिवसांनी आलं. शिक्का फरकटलेला, 'लो' तेवढं कळत होतं. ह्यांनी ते दारातूनच वाचलं आणि आत येत म्हणाले, "अगं, तीन वेळा मोजून तीन आकडे आले म्हणजे काय? पुढच्या वेळी मी येतो मोजायला." बघू, गुडघे काय म्हणतात ते.